श्रीखंडाच्या डब्यातली माती

माझा राग नाकावर असतो हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. प्रॅक्टिकलला कुणी पेट्री डिशचं झाकण उघडं टाकून गप्पा मारत बसलं की मी लॅब डोक्यावर घेते. रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलीत, आता मला कोण सुधारणार. नवरा म्हणतो, "त्या जंतूंशी बोलतेस त्याच्या निम्म्या मायेनं माणसांशी बोललीस तर..." आणि तिथेच थांबतो, त्यालाही शांतता हवी असते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात या रागाचा हात आहे. एका म्हाताऱ्या माणसाचं शेवटचं शेत गेलं. डिझेलनं गेलं असं त्यांच्या गावात म्हणतात, काही जण बिल्डरचं नाव घेतात. माझं नाव कुणीच घेत नाही.

मी डोंबिवलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी माझी एक जुनी विद्यार्थिनी स्टाफरूममध्ये आली. लग्न होऊन शीळ रोडच्या आतल्या एका गावात गेलेली, सासर आगरी. हातात श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा. मला वाटलं फराळ आणलाय, म्हणून कौतुकानं झाकण उघडलं, तर भप्पकन डिझेलचा वास. आत माती होती, काळी, ओलसर, बोटाला चिकटणारी. शेजारच्या टेबलावरच्या केमिस्ट्रीच्या बाई म्हणाल्या, "यंदा चकलीचं तेल जरा खवट झालंय वाटतं." आम्ही सगळ्या हसलो. ती हसली नाही.

तिनं जे सांगितलं ते असं. सासऱ्यांची बरीच जमीन गोडाऊनला आणि टँकरच्या पार्किंगला भाड्यानं दिलेली. देणारा तिचा नवराच. पार्किंगवाल्यानं जमिनीत डिझेलची टाकी पुरली होती, जुनी, गंजकी. ती दोन पावसाळे झिरपत राहिली. उतारानं ते सगळं खालच्या खाचरात उतरलं, आणि नेमकं तेवढं एक खाचर सासऱ्यांनी भातासाठी राखलं होतं. त्या वर्षी पाण्यावर तेलाचे रंग फिरले, रोपं पिवळी पडली आणि गेली. टाकी आता उपसून काढली होती, पण माती तशीच. नवरा म्हणत होता, झालं तेवढं पुरे, बिल्डरचे कागद तयार आहेत, बाबा सही करा. बाबा करेनात. शेवटी घरात ठरलं की पुढच्या पावसाळ्यात तिथे भात आलं तर खाचर ठेवायचं, नाही आलं तर सही.

"मी बाबांना सांगितलं," ती म्हणाली, "आमच्या मॅडम तेल खाणारे जंतू शिकवायच्या."

शिकवायची खरी. तेल पचवणारे मातीतले जिवाणू, हा धडा परीक्षेच्या तोंडावर एका तासात उरकायचा असतो. पंचवीस वर्षं मी तो फळ्यावर उरकला. प्रत्यक्षात एक चमचा माती कधी साफ केली नव्हती. आमच्या डोंबिवलीत राहून हे म्हणजे कमालच. इथे लहानपणापासून आम्ही वासावरून ओळखायचो की आज कुठल्या फॅक्टरीनं काय सोडलंय. गटारातून गुलाबी पाणी वाहताना बघत मी शाळेत गेलेली आहे. एका सहा महिन्यांच्या हंगामात दोन गुंठ्यांचा तुकडा पुरता साफ होणं अवघड आहे, हे मला त्या क्षणी कळत होतं. तसं तिला सरळ सांगायला हवं होतं. पण कुणीतरी पहिल्यांदाच येऊन मला माझा धडा खरा करून दाखवायला सांगत होतं. मला मोह झाला.

पुढच्या शनिवारी मी गेले. तीन मजली बंगला, दारात काळी मोठी गाडी, आणि मागे बांधावर उकिडवे बसलेले बाबा, बनियन आणि गुडघ्यापर्यंतचा पंचा. त्यांनी खाचरातली चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली, थुंकली, आणि मला विचारलं, "बाय, मेली का ही?"

"मेली नाही. आजारी आहे," मी म्हटलं. शिक्षकी उत्तर. पण त्यांनी मान अशी हलवली की डॉक्टरचंच ऐकलं असावं.

तेल जिथे वर्षानुवर्षं सांडतं तिथेच ते पचवणारे जंतू तयार होतात. म्हणून मी विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरच्या एका रिक्षा गॅरेजमध्ये गेले आणि चमच्यानं जमीन खरवडायला बसले. गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, सोना मिला क्या?" ती माती लॅबमध्ये आणली, क्षाराच्या पाण्यात घातली आणि खायला फक्त डिझेलचे थेंब दिले. ज्याला डिझेल पचत नाही तो मरेल, उरेल तो आपला. दोन आठवड्यांत फ्लास्क दुधाळ झाला आणि वरचा तेलाचा थर फुटून बारीक बारीक थेंब झाले. मी लॅबमध्ये एकटीच होते, तरी कुणाला तरी हाक मारावीशी वाटली.

पंधरा-पंधरा दिवसांनी तसे कॅन भरून मी खाचरावर नेले. बाबांना म्हटलं, हे विरजण. त्यांना लगेच समजलं. माणूस शाळेत फारसा गेलेला नव्हता, पण प्रश्न असे विचारायचा की माझ्या टी.वाय.च्या मुलांनी विचारावेत. हवा किती लागते? ऊन चालेल का? शेण ताजं की कुजलेलं? तूस मिसळलं तर माती भुसभुशीत राहील, मग पाणी जास्त लागेल ना? मी सांगत गेले. वीतभर खोल खणा, दर चार दिवसांनी वरखाली करा, मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये एवढी ओल ठेवा, थोडा युरिया, थोडं शेणखत. ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. माझी रिक्षा बाहेर ताटकळत उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, घरी जाऊन पेपर तपासायचे.

"अहो बाबा, एवढं काय विचारत बसलात," मी वैतागून म्हटलं. "आपल्या शेताला करता तसंच करायचं. शेताची मशागत आता मी तुम्हाला शिकवू का?"

ते मोकळं हसले. इतके दिवस परक्या पुस्तकातलं काहीतरी पाठ करत असलेला माणूस एकदम आपल्या अंगणात आल्यासारखा सैलावला. "हां, असा सांग ना," ते म्हणाले. मलाही बरं वाटलं. रिक्षात बसताना मनात आलं, बघा, माणसाच्या भाषेत सांगायला जमलं पाहिजे.

मग महिनेच्या महिने बाबा दर चार दिवसांनी माती उलटत होते. मुलगा बांधावर उभा राहून फोनवर बोलता बोलता टिंगल करायचा, "बाबा, किड्यांना रविवारची सुट्टी द्या." बाबा लक्ष देत नसत. मी गेले की मूठ दाबून दाखवायचे आणि म्हणायचे, "तुजी पोरां जेवतान बरीक." पोरं म्हणजे माझे जंतू. शेजारच्या जमिनीवर तेवढ्यात पत्रे लागले, मग पत्र्यांवर टॉवरची चित्रं लागली, मग जेसीबी आला. खणलेल्या मातीची धूळ आमच्या तुकड्यावर येऊन बसायची. एकदा तर बाबा पाठीवरच्या पंपानं ती धूळ धुवत होते. मी बघत उभी राहिले.

होळीपर्यंत वास बराच उतरला. लॅबमध्ये मातीतलं तेल वेगळं काढून बघितलं, निम्म्याहून कमी राहिलं होतं. निम्मं म्हणजे भात नव्हे, हे मला कळत होतं. तरी चैत्रात एका सकाळी सुनेचा फोन आला, मागे बाबांचा आवाज. खाचरात गांडूळ सापडलं होतं. एकच होतं. बाबांनी ते तळहातावर घेऊन अख्ख्या घराला दाखवलं आणि परत त्याच जागी नेऊन सोडलं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. नवऱ्यानं विचारलं, कुणाचं काय झालं? मी म्हटलं, गांडूळ झालं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की कदाचित जमेल. तसं वाटलं नसतं तर पुढचं एवढं लागलं नसतं.

नंतर परीक्षा आल्या. सुपरव्हिजन, पेपर, मॉडरेशन, तीन आठवडे माझं जाणं झालं नाही. वैशाखातल्या शनिवारी गेले, तर रस्त्याच्या वळणावरूनच धूर दिसला. गावात कुणीतरी कचरा पेटवलाय असं समजून मी चालत राहिले. धूर खाचरातून येत होता.

आमच्याकडे कोकणात पावसाआधी राब भाजतात. ज्या तुकड्यात रोपं करायची तिथे शेण, वाळक्या फांद्या, पालापाचोळा, पेंढा असे थर रचतात, वरून बारीक माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवतात, म्हणजे आग धावत नाही, संथ जळते. तण मरतं, राख मिळते, रोपं तरारून वर येतात. माझ्या आजोळी मी स्वतः लहानपणी राबासाठी पाला गोळा केलाय. आणि तरीही, सहा महिने त्या माणसाबरोबर मातीवर बोलताना मला राब एकदाही आठवला नाही.

बाबांनी राब त्याच दोन गुंठ्यांवर रचला होता. आदल्या दिवशी पेटवलेला. वरचं जळून गेलं होतं, पण मातीत मिसळलेलं तूस आणि उरलेलं तेल खालून धुमसत होतं. अख्खा तुकडा काळा, मधून मधून लाल. बाबा कडेला उभे, हात कोपरापर्यंत काजळलेले, चेहऱ्यावर घाम, आणि मला बघून त्यांना एवढा आनंद झाला.

"बाय, येलेवर आलीस," ते म्हणाले. "राब भाजला. एवरी मशागत जालेली जागा, रोपां हितंच टाकतो."

माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहवत नाही. सहा महिन्यांची मेहनत जाळलीत. अक्कल नाही का. एक फोन करता येत नव्हता. जिवंत होतं ते सगळं भाजून काढलंत. सून धावत आली, मुलगा गाडीपाशी होता तोही आला. त्यानं शांतपणे विचारलं, "म्हणजे मॅडम, यंदा भात नाही?"

"यंदा?" मी म्हटलं. "कधीच नाही. मेले सगळे. संपलं. करा आता काय करायचंय ते."

मुलानं मान डोलावली. बाबा माझ्याकडे बघत होते. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "पन बाय, तूच सांगलंस. शेताला करतोस तसाच कर."

मी पाठ फिरवली. ऐकू आलं नाही असं दाखवलं. पिशवीतून चमचा काढला, निव्वळ सवयीनं दोन नमुने घेतले, एक वरच्या राखेतला, एक वीतभर खालचा, आणि कुणाकडे न बघता रस्त्याला लागले.

मानपाडा रोडला रिक्षा लागेपर्यंत माझा राग उतरला होता, आणि मी बोलले ते खोटं होतं हेही कळून चुकलं होतं. आग कितीही धुमसली तरी खालपर्यंत पोचत नाही. खालचे जंतू जगतात, कडेचे आत सरकतात, ओल मिळाली की पुन्हा वाढतात. वेळ लागतो एवढंच. त्यांना अजून एक वर्ष हवं होतं. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. मला रिक्षा वळवता आली असती. परत जाऊन म्हणता आलं असतं, बाबा, चूक माझी, मी सांगायला विसरले, आणि तुमच्या मुलालाही सांगते की एक वर्ष थांब. नाही गेले. सगळ्यांसमोर इतकं बोलल्यावर लगेच मागे फिरायला मला जमलं नाही. उद्या फोन करू, असं म्हटलं.

उद्या केला नाही. सोमवारी नमुने प्लेटवर घातले. वरच्या राखेची प्लेट कोरी राहिली. खालच्या मातीच्या प्लेटवर तिसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उठले, मोजायला वेळ लागावा इतके. मी त्या प्लेटकडे बघत बसले आणि मग फोन केला.

सुनेनं उचलला. माझं ऐकायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, सही झाली. काल. बाबांनी आपणहून केली. म्हणाले, मीच माती जालली, आता कंच्या तोंडानं नाय म्हनू."

मी "बरं" म्हटलं. मग तिनं विचारलं, तुम्ही कशाला फोन केलेला? मी म्हटलं, काही नाही, सहज, बाबा कसे आहेत? बरे आहेत, जेवत नाहीत नीट. बरं. फोन ठेवला. प्लेट्स बाकीच्या कचऱ्याबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या. तो आमचा मोठा प्रेशर कुकर, वापरून झालेले जंतू त्यात मारायचे असतात. शिट्टी होईपर्यंत मी तिथेच उभी होते.

पुढचं काही विशेष नाही, म्हणजे आमच्या भागात जे सगळीकडे होतं तेच. खाचरावर भराव पडला. सुनेचे गुढीपाडव्याला मेसेज यायचे, मी हात जोडलेलं चित्र पाठवायचे. राब भाजू नये, हे वाक्य मी त्या धड्यात घातलं. मुलं लिहून घेतात. कुणी विचारत नाही की हे मॅडमना कुठून कळलं.

दोन वर्षांनी, भात कापणीच्या दिवसांत, शिपाई लॅबमध्ये सांगायला आला की कुणीतरी आजोबा आलेत. बाबा दारात उभे होते, पांढरा शर्ट, नवी चप्पल, बरेच वाळलेले. सून खाली गाडीत थांबली होती, एवढे जिने ते एकटे चढून आले होते. हातात श्रीखंडाचा डबा.

मी खुर्ची दिली. त्यांनी सांगितलं, जेसीबी यायच्या आदल्या दिवशी दोन घमेली माती उचलून आणली. तीच, भाजलेली. अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये गच्चीवर ठेवली. "हाताना सवं लागलेली, बाय. दर चार दिसांनी हात जायाचाच." शेण घातलं, मूठ दाबून पाणी घातलं, उलटत राहिले. घरातले हसायचे. यंदा पावसाच्या सुरुवातीला त्यात मूठभर दाणे टाकून बघितले.

मी झाकण उघडलं. नाक पुढे केलं. डिझेल नव्हतं. ओल्या मातीचा वास होता, बाकी कसलाच नाही. आणि मातीवर आडवी ठेवलेली भाताची लोंबी, पिकलेली, दाणे भरलेले.

"आलं," ते म्हणाले.

पलीकडे मुलं स्लाइड बघत होती, कुणीतरी पेट्री डिशचं झाकण उघडं टाकलं होतं, मला दिसत होतं.

"बाय, खरा सांग," ते म्हणाले. "मंग मी नव्हती मारली?"

"नाही, बाबा. तुम्ही नाही मारली. ती मेलीच नव्हती. वर्षभर थांबायला हवं होतं, एवढंच. मी तुम्हाला खोटं सांगितलं त्या दिवशी. आणि राब भाजू नका हे सांगायचं काम माझं होतं. शेत माझ्यामुळे गेलं तुमचं."

एवढं सगळं मी एका दमात बोलले. दोन वर्षं ते तोंडात होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हात हलवला, डास हाकलावा तसा.

"तू कशाला घालवशील," ते म्हणाले. "तूच तर जिती केलीस." आणि मला समजावू लागले की तुझा स्वभाव तापट आहे, पण तू मनाला लावून घेऊ नको. मी पुन्हा सांगायला गेले. त्यांनी ऐकलंच नाही. शिकलेल्या बाईनं आपल्या समाधानासाठी चूक अंगावर घेतली, असं काहीतरी त्यांनी धरलं असावं. ते माझ्यावर रागावले असते तर मी कुठेतरी सुटले असते.

उठताना डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "ही ठेव तुज्याकरं. कुनाचा शेत असाच जाला असंल, तर इरजन म्हनून घाल."

मी हो म्हटलं. लोंबी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली आणि कठडा धरून सावकाश जिना उतरले. डबा माझ्या लॅबच्या कपाटात आहे. महिन्यातून एकदा मी त्यात पाणी घालते, चमच्यानं वरखाली करते. आमच्या बाजूला शेतं अगदीच उरली नाहीत असं नाही. मी अजून कुणाला विचारलेलं नाही.